वीज आली, नेट आलं, व्हीपीएन मात्र आलं नाही

मे महिन्यात दुपारी चारनंतर घाटाच्या बाजूला गडगडायला लागलं की मी फोन चार्जिंगला लावून ठेवतो. तासाभरात म्हापशाहून शेठांचा फोन येणार हे ठरलेलं. "परत गेलं रे ते. वाळपईचं काही दिसत नाही." मी विचारणार, "वीज आहे का?" शेठ म्हणणार, "वीज आली, नेट आलं, सगळं आलं. तुझं तेवढंच आलं नाही."

हा संवाद दोन हंगाम चालला. दोष सापडला तेव्हा तो माझ्याच स्क्रिप्टमध्ये, म्हणजे मी लिहिलेल्या कमांडांच्या फाइलीत, निघाला. तोवर एक राउटर विनाकारण बदलून झाला होता आणि इंटरनेट देणाऱ्या कंपनीशी मी दोनदा भांडलो होतो. फायरवॉलच्या (नेटवरून येणारं-जाणारं तपासणाऱ्या पहारेकऱ्याच्या) मागे व्हीपीएनचा (दोन जागा इंटरनेटवरून खाजगी वाटेनं जोडणारा) डबा ठेवला असेल आणि तो दर थोड्या दिवसांनी "आपोआप" बंद पडत असेल, तर तुमचीही गोष्ट अशीच असण्याची बरीच शक्यता आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी मांडणी. शेठांचा धंदा काजूचा. ऑफिस म्हापशाला, गोडाऊन वाळपईला. हंगामात शेतकरी बिया घेऊन गोडाऊनवर येतात, तिथे काट्यावर वजन होतं, आणि ते वजन त्याच क्षणी म्हापशातल्या कॉम्प्युटरवरच्या हिशेबात चढायला हवं, कारण पैसे तिथून सुटतात. दोन्ही जागा वायरगार्ड नावाच्या व्हीपीएन सॉफ्टवेअरनं जोडल्यात. म्हापशाला फायबर आहे. भिंतीवरचा ओएनटी (फायबर येऊन लागतो तो डबा) ब्रिज मोडमध्ये, म्हणजे लाइन नुसती पुढे देणारा, त्याच्यामागे दोन नेटवर्क कार्डांचा एक जुना लिनक्स पीसी. तोच पीपीपीओई डायल करतो, म्हणजे नाव-पासवर्ड देऊन कंपनीची लाइन लावतो, आणि तीच फायरवॉल. तिच्यामागे स्विच, आणि स्विचला लावलेला पुस्तकाएवढा मिनी पीसी, म्हणजे व्हीपीएनचा डबा, पत्ता १९२.१६८.१०.५. वाळपईला सिमवर चालणारा राउटर आणि त्यामागे तळहातावर मावेल असा एक बोर्ड. हाक नेहमी वाळपईहूनच मारली जाते. मोबाईलच्या नेटवर बाहेरून आत यायला दारच नसतं, त्यामुळे उलट दिशेनं जमत नाही.

थोडक्यात, म्हापशाच्या फायरवॉलला या बाबतीत एकच काम: बाहेरून यूडीपी ५१८२० वर (यूडीपी हा पॅकेटं, म्हणजे माहितीचे तुकडे, पाठवायचा एक प्रकार; ५१८२० हे पोर्ट, म्हणजे दाराचा क्रमांक) जे येईल ते १९२.१६८.१०.५ कडे सोडायचं. यालाच पोर्ट फॉरवर्ड म्हणतात.

फायरवॉलवरच वायरगार्ड का बसवलं नाही, हा प्रश्न येणारच. वायरगार्ड लिनक्सच्या कर्नलमध्ये (सिस्टीमच्या गाभ्यात) आलं ते ५.६ आवृत्तीपासून, मार्च २०२० मध्ये. त्या पीसीवरचा कर्नल त्याहून जुना. तो बदलायचा तर ऑफिसचं नेट अर्धा दिवस बंद ठेवावं लागलं असतं, आणि शेठ चवथीचे दोन दिवस सोडले तर दुकान बंद ठेवत नाहीत. तेव्हा वेगळा डबा आणला.

आता लक्षणं, कारण निदानाची किल्ली त्यांच्यातच होती आणि मी ती दोन वर्षं पाहत असूनही पाहिली नाही. म्हापशाला वीज जाऊन आली की वाळपईचं व्हीपीएन जोडलं जायचं नाही. त्याच वेळी मी घरून, फोंड्याहून, लॅपटॉपवरून त्याच डब्याला त्याच पोर्टवर जोडून पाहिलं तर पहिल्या फटक्यात जोडलं जायचं. म्हापशाचा डबा बंद-चालू केला तरी वाळपईला फरक नाही. वाळपईचा राउटर थोडा वेळ बंद ठेवून चालू केला की मात्र लगेच चालू.

यावरून कोणीही काय म्हणेल? वाळपईचा राउटर खराब. मीही तेच म्हणालो. अस्नोडा, डिचोली, साखळी, होंडा करत स्कूटरवरून जाऊन नवीन राउटर बसवला. नवीन राउटर लावताना जुना बंद झाला, त्यामुळे व्हीपीएन अर्थातच चालू झालं, आणि माझं निदान बरोबर ठरलं. पुढची वीज जाईपर्यंत.

दुसऱ्या वेळी मी पोर्ट बदलून पाहिलं. दोन्हीकडे ५१८२० चं ५१८२१ केलं, आणि क्षणात जोडलं! मग काय, कंपनीवालेच जुनं पोर्ट अडवतात अशी माझी खात्रीच झाली. तक्रार नोंदवली, तिकडच्या मुलाला तावातावानं बोललो. तो बिचारा म्हणत होता, आम्ही काही अडवत नाही सर. खरंच अडवत नव्हते. दोन आठवड्यांनी वीज गेली आणि ५१८२१ सुद्धा मेलं.

तेव्हा कुठे मी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. म्हापशाला जाऊन बसलो आणि नियम न चाळता पॅकेट पाहिलं.

इथे एक गोष्ट ठाऊक हवी. पोर्ट उघडं आहे की नाही हे सांगणाऱ्या वेबसाइटी वायरगार्डच्या बाबतीत निरुपयोगी आहेत. ओळखीची चावी नसलेल्या पॅकेटला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला उघडं पोर्ट आणि बंद पोर्ट सारखंच दिसतं. टीसीपीडम्प, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारी कमांड, हाच मार्ग. आणि वायरगार्डचं एक बरं आहे, सगळं गुप्त असलं तरी पॅकेटच्या लांबीवरून काय चाललंय ते कळतं. जोडणीची हाक १४८ बाइटची, तिचं उत्तर ९२ बाइटचं, आणि नुसतं "मी जिवंत आहे" असं सांगणारं पॅकेट ३२ बाइटचं. हे तीन आकडे लक्षात ठेवले की अर्धं काम झालं.

फायरवॉलच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे पीपीपीच्या इंटरफेसवर, टीसीपीडम्प लावला. वाळपईकडून दर पाच सेकंदांनी १४८. पुन्हा १४८. पुन्हा १४८. ९२ एकदाही नाही. म्हणजे कंपनी पॅकेट आणून देत होती, आमच्या उंबऱ्यापर्यंत. आतल्या कार्डावर, स्विचच्या बाजूला, दुसरा टीसीपीडम्प लावला. तिथे वाळपईचं काहीच नाही. मग मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून लॅपटॉप जोडला: बाहेर १४८ आलं, आत १४८ गेलं, आतून ९२ आलं, बाहेर ९२ गेलं. नियम एकच, पोर्ट एकच, डबा एकच. एका पाहुण्याला दार उघडतं, दुसऱ्याला नाही.

बाहेर येतं आणि आत जात नाही, म्हणजे मधल्या पीसीतच कुठेतरी. आणि नियम दोघांना सारखाच आहे, म्हणजे दोष नियमात नाही. मग उरतं काय? फायरवॉलची वही.

लिनक्सची फायरवॉल प्रत्येक पॅकेटसाठी पत्ता बदलण्याचे नियम पुन्हा वाचत बसत नाही. एखाद्या संवादाचं पहिलं पॅकेट आलं की ती नियम वाचते, काय करायचं ते ठरवते आणि वहीत नोंद करते. याला कनेक्शन ट्रॅकिंग म्हणतात, बोलताना आम्ही कॉनट्रॅक म्हणतो. त्यानंतर त्याच पत्त्यावरून, त्याच पोर्टवरून त्याच ठिकाणी येणारी सगळी पॅकेटं वहीतल्या नोंदीप्रमाणे जातात. नियम तुम्ही मधेच बदलला, नवीन घातला, तरी जुनी नोंद जिवंत असेपर्यंत त्या पाहुण्याला नवा नियम लागू होत नाही.

वहीतली वाळपईची नोंद अशी होती (बाहेरचे पत्ते बदललेत): यूडीपी, २७ सेकंद शिल्लक, १९८.५१.१००.७७ कडून २०३.०.११३.२० च्या ५१८२१ वर, अनुत्तरित. आणि उत्तर अपेक्षित कोणाकडून, तर २०३.०.११३.२० कडून. लॅपटॉपची नोंद पहिल्या अर्ध्यात तशीच, पण दुसऱ्या अर्ध्यात उत्तर अपेक्षित १९२.१६८.१०.५ कडून.

फरक तेवढाच. वाळपईच्या नोंदीत उत्तर देणारी फायरवॉल स्वतः होती! म्हणजे ही नोंद झाली त्या क्षणी पोर्ट फॉरवर्डचा नियम अस्तित्वातच नव्हता. पॅकेट आलं, पुढे पाठवायचा हुकूम नाही, म्हणून फायरवॉलनं ते आपल्यासाठीच आहे असं समजून घेतलं आणि तसं वहीत लिहून टाकलं. नियम नंतर चढला. पण वाळपईसाठी वही आधीच भरलेली.

मग नोंद मुदत संपून जात का नाही? उत्तर न मिळालेल्या यूडीपी नोंदीचं आयुष्य लिनक्समध्ये मुळात ३० सेकंद. प्रत्येक नव्या पॅकेटला घड्याळ परत ३० वर येतं, ते पॅकेट पुढे जाऊन टाकून दिलं तरीही. वायरगार्डची हाक दर पाच सेकंदांनी, दीड मिनिट. मग तो थकतो, पण वाळपईला मी कीप-अलाइव्ह, म्हणजे ते "मी जिवंत आहे" पॅकेट, २५ सेकंदांचं ठेवलं होतं, त्यामुळे पंचवीस सेकंदांनी पुन्हा हाका सुरू. मी वहीसमोर बसून पाहत होतो: तीस, पंचवीस, तीस, पंचवीस, मधेच उतरत उतरत पाचपर्यंत, आता गेली म्हणेपर्यंत पुन्हा तीस. वाटेतल्या राउटरांनी नोंद विसरू नये म्हणून २५ सेकंद ठेवतात. इथे फायरवॉल चुकीची नोंद विसरत नव्हती ती त्याच २५ सेकंदांमुळे.

आता सगळी लक्षणं जागेवर बसली. लॅपटॉप नवा पाहुणा, त्याची नोंद नव्यानं झाली, नियम लागू पडला. वाळपईचा राउटर मिनिटभर बंद ठेवला की नोंद मरायची. पोर्ट बदललं की नोंद नवी. म्हापशाचा डबा कितीही वेळा बंद-चालू करा, वही फायरवॉलमध्ये आहे, डब्यात नाही.

आणि नियम उशिरा का चढत होता? कारण मी तसं लिहून ठेवलं होतं. नेट वाटण्याचा मास्करेडचा नियम सिस्टीम सुरू होतानाच चढायचा. पोर्ट फॉरवर्ड आणि बाहेरून येणारं अडवायचे नियम माझ्या वेगळ्या स्क्रिप्टमध्ये, आणि ती स्क्रिप्ट पीपीपीओई लागल्यानंतर चालायची, कारण नियमात बाहेरचा पत्ता लिहायला तो आधी मिळायला हवा. शेठांचा पत्ता स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आहे, त्याची गरजच नव्हती. दुसऱ्या एका ठिकाणची, पत्ता रोज बदलणारी, स्क्रिप्ट मी जशीच्या तशी उचलली होती. लाइन लागल्यापासून स्क्रिप्ट संपेपर्यंत सात-आठ सेकंद जायचे आणि वाळपई दर पाच सेकंदांनी दार ठोठावत होती. वाळपईला इन्व्हर्टर आहे, तिथलं कधी बंद पडत नाही. म्हापशाच्या यूपीएसची बॅटरी केव्हाच गेलीय, आणि ती बदलण्याबाबत शेठांचं उत्तर "चवथीनंतर बघू." दोन्हीकडची वीज एकदम गेली असती तर व्हीपीएन कदाचित बरं चाललं असतं, हे मला आजही पचत नाही.

उपाय दोन. तात्पुरता असा: कॉनट्रॅक नावाचीच कमांड मिळते, तिला यूडीपी आणि ते पोर्ट सांगून नोंद पुसायची. मी ती पुसली आणि पुढच्या पाच सेकंदांत आतल्या कार्डावर १४८ दिसलं, पाठोपाठ ९२. शेठ बाहेरून ओरडले, "आलं आलं!"

कायमचा उपाय म्हणजे क्रम सुधारणं. नियमातून बाहेरचा पत्ता काढून त्या जागी इंटरफेसचं नाव घातलं. इंटरफेस अजून उभा नसला तरी नावावरचा नियम आधीच चढवता येतो. सगळे नियम एकाच फाइलीत घेतले आणि एनएफटीवर (लिनक्सच्या फायरवॉलचे नियम चढवणाऱ्या नव्या कमांडवर) गेलो, कारण ते पूर्ण फाइल एका दमात चढवतं, अर्धे नियम चढलेत आणि अर्धे नाहीत अशी मधली अवस्था राहत नाही. ही फाइल नेटवर्क उभं राहण्याआधी चढते, पीपीपीओई त्यानंतर. आणि दुधानं तोंड पोळलंय म्हणून, नंतर कधी नियम हातानं पुन्हा चढवले तर शेवटी त्या पोर्टच्या नोंदी पुसणारी एक ओळ ठेवली आहे. नियम आधी पुसून मग नवे घालायची सवय ज्यांना आहे त्यांच्याकडे वीज न जाताही हाच प्रकार होऊ शकतो, पुसणं आणि घालणं यांच्यातल्या फटीत.

तुमच्याकडे लिनक्स पीसी नसेल तरी वही असतेच, नावं वेगळी. पीएफसेन्सवर डायग्नॉस्टिक्समध्ये स्टेट्स, मायक्रोटिकवर फायरवॉलमधला कनेक्शन्सचा टॅब, फोर्टिगेटवर सेशन. तिथे त्या पोर्टची नोंद शोधायची, उत्तर कोणाकडून अपेक्षित आहे ते वाचायचं, चुकीचं असेल तर उडवायचं. मायक्रोटिकवर तर ओळ निवडून वजाचं बटण दाबलं की झालं. घरगुती राउटरवर वही दिसत नाही. तिथे पलीकडची बाजू दोन-तीन मिनिटं बंद ठेवणं हाच इलाज. म्हापशाच्या अकाउंटंट ताईंनी मधल्या काळात तोच कागदावर लिहून भिंतीला चिकटवला होता: वाळपईला फोन करून राउटर बंद करायला सांगणे, शंभर आकडे मोजणे, चालू करायला सांगणे. त्या आता प्रिंटर अडकला तरी शंभर आकडे मोजतात.

हा एक दोष झाला. बाकीचे मी वेगवेगळ्या ठिकाणी पाहिलेत, त्यांतले काही झटपट सांगतो, एकावर मात्र थांबतो.

सगळ्यात आधी, बाहेरच्या कार्डावर १४८ दिसतच नसेल तर फायरवॉलला हात लावू नका. फायरवॉलला मिळालेला पत्ता आणि बाहेरच्या वेबसाइटवर दिसणारा तुमचा पत्ता ताडून पाहा. फायरवॉलवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर तुम्ही कंपनीच्या मोठ्या नॅटच्या (अनेकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या) मागे आहात. तो पट्टा २०१२ पासून त्याच कामासाठी राखून ठेवलाय. अशा लाइनवर पोर्ट फॉरवर्ड कितीही सुंदर लिहिलं तरी बाहेरून काही येणार नाही. स्टॅटिक पत्ता विकत घ्या, नाहीतर बाहेर एखादा भाड्याचा सर्व्हर घेऊन दोन्ही बाजूंनी त्याला हाक मारा. ओएनटी ब्रिजमध्ये नसेल तर आणखी सोपं कारण: नॅट दोनदा होतंय, आणि फॉरवर्ड तुम्ही एकाच ठिकाणी लिहिलंय.

बाहेर दिसतं, आत नाही, आणि वहीही बरोबर, तर परवानगीचा नियम पाहा. पत्ता बदलण्याचं काम आधी होतं, परवानगी नंतर तपासली जाते. त्यामुळे परवानगीच्या नियमात आतला पत्ता, १९२.१६८.१०.५, लिहायला हवा. बाहेरचा पत्ता लिहिणारे अजून भेटतात. आणि त्या डब्याला पत्ता डीएचसीपीनं (आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेनं) दिला असेल तर तो राखून ठेवा, नाहीतर एक दिवस .५ वर कोणाचा तरी मोबाईल बसेल.

आत १४८ गेलं, डब्यानं ९२ पाठवलं, पण फायरवॉलच्या आतल्या कार्डावर ९२ आलंच नाही, तर डब्याचा गेटवे, म्हणजे बाहेर जायचं दार, दुसरीकडे आहे. बॅकअपसाठी दुसरी लाइन घेतलेल्या ऑफिसात हे हमखास. हाक एका दारानं, उत्तर दुसऱ्या दारानं. अनोळखी पत्त्यावरून आलेलं उत्तर पलीकडच्या राउटरच्या वहीत बसत नाही, म्हणून ते तिथवर पोचतच नाही.

आता ज्यावर थांबायचं ते. व्हीपीएन जोडलं गेलं, वाळपईहून म्हापशाच्या पीसीला पिंग (पोचतंय का ते पाहणारी छोटी हाक) जातंय, पण हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडताना नुसतं फिरत राहतं. हा प्रकार डबा फायरवॉलच्या मागे त्याच नेटवर्कात ठेवला की जवळजवळ ठरलेला. ऑफिसच्या पीसींचा गेटवे फायरवॉल आहे. त्यांना वाळपईचं नेटवर्क, १९२.१६८.२०.०, कुठे आहे ते ठाऊक नाही, म्हणून आपण फायरवॉलवर एक रूट लिहितो: तिकडचं सगळं १९२.१६८.१०.५ कडे. तर वाळपईहून आलेलं पॅकेट डब्यातून बाहेर पडून थेट पीसीकडे जातं, दोघं एकाच स्विचवर असल्यामुळे. पीसीचं उत्तर मात्र फायरवॉलकडे जातं आणि तिथून डब्याकडे. फायरवॉलला संवादाची एकच बाजू ऐकू येते. टीसीपीमध्ये, म्हणजे आधी हाक-उत्तर होऊन मगच बोलणं सुरू होणाऱ्या प्रकारात, तिनं सुरुवातीची हाक ऐकलेलीच नाही, एकदम उत्तरच कानावर पडतं, म्हणून अवैध समजून ती टाकून देते. पिंगच्या बाबतीत अनेक ठिकाणी ती एवढी काटेकोर नसते, म्हणून पिंग चालतं आणि आपण गाफील राहतो.

यावर लोक अवैध पॅकेट टाकायचा नियमच काढून टाकतात. चालतं, पण मला ते पटत नाही. फायरवॉल ठेवायची आणि तिला बहिरं करायचं. बरा मार्ग म्हणजे फायरवॉलमध्ये तिसरं नेटवर्क कार्ड घालून डबा त्याच्यावर, वेगळ्या नेटवर्कात ठेवणं. मग जाताना आणि येताना दोन्ही वेळा वाट फायरवॉलमधूनच. कार्ड घालायला जागा नसेल आणि पीसी चार-पाचच असतील तर प्रत्येक पीसीवर वाळपईचा रूट हातानं लिहा. आम्ही म्हापशाला तिसरं कार्ड घातलं आणि डब्याला १९२.१६८.३०.५ दिला. त्यानिमित्तानं व्हीपीएनमधून कोण कुठल्या पीसीपर्यंत जाऊ शकतं हेही एका जागी ठरवता आलं.

दोन्हीकडचं नेटवर्क १९२.१६८.१.० असेल तर यातलं काहीच चालणार नाही. एकीकडचं बदला. राउटर विकत आणल्यावर त्याचे पत्ते तसेच ठेवल्याचा हा परिणाम.

वाळपईच्या बोर्डासारखी छोटी मशीन वापरणाऱ्यांनी घड्याळ सांभाळावं. स्वस्त बोर्डांना घड्याळाची बॅटरी नसते, वीज जाऊन आली की ते मागच्या एखाद्या वेळेपासून सुरू होतात. वायरगार्डच्या हाकेत वेळेचा शिक्का असतो, आणि समोरच्यानं आधी पाहिलेल्या शिक्क्यापेक्षा तो जुना असेल तर हाक फेटाळली जाते, जुनंच पॅकेट कोणी पुन्हा पाठवतंय असं समजून. टीसीपीडम्पवर १४८ डब्यापर्यंत पोचताना दिसतं आणि ९२ कधीच निघत नाही, तेव्हा चाव्यांबरोबर हेही तपासा. बोर्डाचं घड्याळ इंटरनेटवरून जुळलं की आपोआप ठीक होतं, फक्त वेळ जुळवायची वाट व्हीपीएनमधूनच जात नाही ना, एवढं पाहा. शिवाय वायरगार्ड समोरच्याचं नाव सुरू होताना एकदाच पत्त्यात बदलून घेतं. म्हापशाचा पत्ता बदलणारा असता, तर बदलल्यावर वाळपई जुन्याच दारावर ठोठावत राहिली असती.

छोटं जातं आणि मोठं अडकतं, म्हणजे वजनाची ओळ चढते पण फोटो किंवा मोठी फाइल लटकते, तर एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी, पाहा. वायरगार्ड सहसा १४२० धरतं. चाचणीसाठी दोन्ही टोकांना १२८० करून पाहा. लटकणं थांबलं तर दोष सापडला, मग सावकाश वर चढवत न्या.

डबा आयपीसेकचा (व्हीपीएनच्या दुसऱ्या एका प्रकारचा) असेल तर वरचं सगळं लागू आहेच, शिवाय पोर्टं दोन: यूडीपी ५०० आणि यूडीपी ४५००. ५०० वर सुरुवातीची बोलणी होते, वाटेत नॅट आहे असं कळलं की दोन्ही बाजू ४५०० वर सरकतात. फक्त ५०० सोडलं तर बोलणी सुरू होते आणि अर्ध्यावर थांबते, लॉगमध्ये पाहून वाटतं पासवर्ड चुकलाय. बऱ्याच ठिकाणी "ईएसपी पोर्ट ५० उघडा" असं लिहिलेलं आढळतं, आणि लोक खरंच टीसीपी ५० आणि यूडीपी ५० उघडतात. ईएसपी, म्हणजे आयपीसेकमधला माहिती वाहून नेणारा भाग, हे पोर्ट नाहीच. टीसीपी आणि यूडीपी जसे स्वतंत्र प्रोटोकॉल आहेत तसाच तोही एक, आणि त्याचा क्रमांक ५०. डबा नॅटच्या मागे असेल तर ईएसपी ४५०० च्या यूडीपीत गुंडाळूनच येतं, वेगळं काही सोडावं लागत नाही. फायरवॉलवर स्वतःची आयपीसेक सेवा चालू असेल तर बऱ्याचदा ती ५०० वरचं पॅकेट आधीच गिळते, डब्यापर्यंत काही पोचत नाही, तेव्हा ती बंद करा. काही राउटरांवर आयपीसेक पासथ्रू नावाची मदत असते, ती एकदा बंद करून पाहा, कधी कधी तीच आड येते.

एलटूटीपी (आयपीसेकच्या आतून चालणारा आणखी एक व्हीपीएन) वापरणाऱ्यांनी बाहेरून त्याचं पोर्ट १७०१ उघडू नये, ते आयपीसेकच्या आतून येतं. आणि विंडोजचा क्लायंट नॅटमागच्या एलटूटीपी सर्व्हरला मुळात जोडूनच घेत नाही, ८०९ क्रमांकाची एरर देतो. पॉलिसी एजंट सेवेच्या रजिस्ट्रीत यूडीपी एन्कॅप्सुलेशनचा संदर्भ धरायचा की नाही ठरवणारी एक नोंद घालावी लागते, तिची किंमत २ ठेवून मशीन रीस्टार्ट करायचं. रीस्टार्ट न करता तासभर फायरवॉल तपासत बसलेला माणूस मी पाहिला आहे, आरशात.